ग्रीसला ११२, सिंगापूरला ८: संस्कृतीला मार्क देता येतात का?

उंबरठा
गेल्या आठवड्यात ऑफिसात परदेशी टीमबरोबर कसं वागावं याचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर संस्कृती मोजणारा आलेख, देशवार सहा-सहा खांब. जपान, अनिश्चितता टाळणं (म्हणजे अनिश्चित गोष्टी नकोशा वाटणं): ९२. लगेच निष्कर्ष, जपानी सहकाऱ्याला आयत्या वेळी काही सांगू नका. अहो, आयत्या वेळी सांगितलेलं आवडतं कोणाला?

घरी येऊन खणत बसले. हे आकडे गीर्ट हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञाच्या घराण्यातले. १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएम या संगणक कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाख १६ हजार प्रश्नावल्या हा त्यांचा पाया, १९८० साली पुस्तक. तेव्हा मिती, म्हणजे संस्कृती मोजायच्या पट्ट्या, चारच होत्या: सत्ता-अंतर (वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती चालवून घेतात), व्यक्तिवाद, पुरुषीपणा (स्पर्धा आणि यशाला किती महत्त्व) आणि ही अनिश्चितता. दीर्घकालीन दृष्टी आणि मोकळेपणा मागाहून आले.

आता अनिश्चितता कशी मोजली बघा. तीन प्रश्न. कंपनीच्या भल्याचं वाटलं तरी नियम मोडू नये, हे पटतं का? या कंपनीत अजून किती वर्षं राहणार? कामावर किती वेळा ताण जाणवतो? झालं, निघाला ग्रीक स्वभाव. तोही शंभरपैकी ११२!

माझं म्हणणं सरळ आहे: हे संस्कृतीचं मोजमाप नाही, नोकरदारांची जनगणना आहे.

दशमान
उंबरठाताई, ११२ हे शंभरपैकी नाहीतच. सूत्रातून निघणारा निर्देशांक आहे तो. साधारण ० ते १०० मध्ये पडावा असा बेतलेला, पण शंभरावर कुंपण नाही. मलेशियाचं सत्ता-अंतर १०४ आहे, ऑस्ट्रियाचं ११. सुट्या आकड्याला अर्थ नाही, दोघांतल्या अंतराला आहे.

आणि एकाच कंपनीचे लोक घेतले ही खोट नसून युक्ती आहे. मालक एक, कामाचं स्वरूप सारखं, प्रशिक्षण सारखं. तरीही ‘वरिष्ठांशी मतभेद बोलून दाखवायला लोक घाबरतात का’ या प्रश्नाला देशागणिक उत्तर बदलत असेल, तर तो फरक कंपनीचा कसा म्हणणार? शिवाय इंगलहार्ट या राज्यशास्त्रज्ञाने दुसऱ्याच प्रश्नांनी, सामान्य नागरिकांना विचारून (वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे, १९८१ पासून) जो आत्माविष्काराचा अक्ष (स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याला किती महत्त्व, ही पट्टी) काढला, तो व्यक्तिवादाशी चांगलाच जुळतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलो तर गाव आहे असं धरायला हरकत नसावी.

कोरी पाटी
दशमानराव, १ लाख १६ हजार ऐकायला भरघोस वाटतं. ते दोन फेऱ्यांचे मिळून आहेत आणि वाटणी अगदी विषम आहे. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने २००२ साली याच्या चिंध्या केल्या होत्या. पाकिस्तानात पहिल्या फेरीत ३७ जण होते, दुसऱ्या फेरीत ७०. अख्खा देश, ३७ माणसं!

आणि देश हे एकक तरी कोणी ठरवलं? स्वित्झर्लंडचे आकडे नंतर भाषेनुसार वेगळे केले, तर सत्ता-अंतर जर्मनभाषकांत २६ आणि फ्रेंचभाषकांत ७०. सरासरी काढून जो ‘स्विस माणूस’ तयार होईल तो ना इकडे सापडेल ना तिकडे.

दशमान
मग बेल्जियमचं सत्ता-अंतरही घ्या की. तिथले डचभाषक आणि फ्रेंचभाषक दोघेही साठीच्या पुढे. नेदरलँड्स मात्र ३८. भाषा डचच, पण सीमा ओलांडली की आकडा कितीतरी खाली. तुमच्या स्वित्झर्लंडात भाषा जिंकली, माझ्या बेल्जियमात देश जिंकला.

चिमटा
‘पुरुषीपणा’त जपान ९५, स्वीडन ५. हे नाव ठेवणाऱ्यालाच आधी गुण द्यायला हवेत.

पाऊणवाट
मला वाटतं भांडण चुकीच्या आरोपीशी चाललंय. १९५० साली रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून एक गंमत दाखवली होती. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. यावरून ‘परदेशातून आलेले जास्त शिकलेले’ असं म्हणाल तर फसलात, कारण माणूस-माणूस मोजला की ते इतरांपेक्षा थोडे जास्तच निरक्षर निघतात. ते मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. गटाचं नातं माणसाला चिकटवलं की ते उलटंसुद्धा होऊ शकतं.

हॉफस्टेडचे आकडे देशांच्या सरासऱ्यांचे आहेत आणि हा इशारा त्यांनी स्वतः दिलेला आहे. ताई, तुमच्या प्रशिक्षकाने ९२ हा आकडा एका सहकाऱ्याच्या कपाळावर डकवला. तो गुन्हा प्रशिक्षकाचा.

कोरी पाटी
एवढ्यावर सुटका नाही. देशपातळीवरही घोळ आहे. ‘ग्लोब’ या संस्कृती आणि नेतृत्वाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाने ६२ समाजांत दोन-दोन प्रश्न विचारले: तुमच्याकडे असं आहे का, आणि असं असायला हवं का? बहुतेक मितींत दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध गेली. जिथे नियम आणि शिस्त कमी, तिथल्यांनाच ती जास्त हवी. प्रत्यक्ष व्यवहारात अनिश्चितता टाळण्यात सिंगापूर तिथे अगदी वरच्या रांगेत आहे आणि ग्रीस खालच्या. हॉफस्टेडकडे बरोबर उलटं, ग्रीस ११२ आणि सिंगापूर ८. मितीचं नाव तेच!

दशमान
हे मात्र मान्य. पण त्यातून ‘मोजता येत नाही’ असं निघत नाही. हॉफस्टेडने जिवाची धाकधूक मोजली, ‘ग्लोब’ने नियमांची घडी, आणि दोघांनी पाटी एकच लावली, एवढंच निघतं. घडी नीट बसलेली असली की धाकधूक कमी, हे तर सुसंगतच आहे.

उंबरठा
बरं, असेल सुसंगत. मग त्या दिवशी पडद्यावर जपानपुढे होती ती धाकधूक की घडी, हे खोलीतल्या चाळीस जणांपैकी कोणाला ठाऊक होतं? मी विचारलं होतं हात वर करून. ‘चहानंतर बघू’ म्हणाले.