अब्राहामाच्या करारात अटी कोणावर?

बायबलमध्ये देव माणसांशी करार करतो, त्याबद्दल एक म्हणणं असं की करार म्हटला की दोन्ही बाजूंना अटी आल्याच. देवाने सीनाय पर्वतावर इस्राएल लोकांशी केलेल्या कराराला हे चपखल बसतं. तिथे (बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय 24) लोक स्वतः 'आम्ही पाळू' म्हणतात आणि मग रक्त अर्धं वेदीवर, अर्धं लोकांवर शिंपडलं जातं. पण इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी देवाने केलेल्या कराराला तोच नियम लावणं मला पटत नाही.

तो करार बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, 15 व्या अध्यायात आहे, तो पुन्हा वाचा. कालवड, शेळी, एडका मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडलेले. (पक्षी मात्र चिरलेले नाहीत.) मूळ हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात', शब्दप्रयोगच तसा आहे. त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे वचन मोडलं तर माझीही हीच गत होवो. हा अर्थ माझ्या पदरचा नाही, यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (34:18) करार मोडणाऱ्यांना नेमकी हीच धमकी आहे. आता गंमत बघा: तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाची बाजू. अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) तेव्हा गाढ झोपेत! त्याला चालायला कुणी सांगितलेलंच नाही. सुंतेची आज्ञा येते ती पुढे, 17 व्या अध्यायात, आणि अब्राहामावर अट होती का हा खरा वाद घालायचाच तर तो तिथे घालता येईल.