मदत हवी आहे: बर्ड डॉग फील्ड ट्रायलमध्ये पहिल्यांदाच उतरायचं आहे

रानझुडूप:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ए.के.सी.च्या (अमेरिकन केनल क्लब) फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे पक्षी शोधणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धेत, उतरायचा विचार आहे. कुत्री जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, आठ महिन्यांची, नोंदणी झालेली. पक्ष्याचा वास लागला की पॉइंट धरते, म्हणजे त्याच्या दिशेने रोखून जागीच थबकते, पण चार-पाच सेकंदांत पक्ष्यावर झेप घेते. बंदुकीचा आवाज अजून ऐकवलेला नाही. मला घोड्यावर बसता येत नाही. कोणत्या स्टेकमध्ये (स्पर्धेच्या गटात) नाव द्यावं? आणि त्याआधी काय काय करून घ्यावं?

पाणकोंबडा:
घोड्याची काळजी सोडा. बऱ्याच ठिकाणी वॉकिंग स्टेक असतात, त्यात हँडलर पायीच चालतो. प्रीमियम लिस्टमध्ये (स्पर्धेच्या माहितीपत्रकात) तसं स्पष्ट दिलेलं असतं.

तुमच्या कुत्रीसाठी पपी स्टेक. त्याला वय ६ महिने पूर्ण आणि १५ महिन्यांच्या आत लागतं. परीक्षक तिथे शिकारीची ओढ, धीटपणा आणि स्वतःहून रान धुंडाळण्याची वृत्ती बघतात. पॉइंट घट्ट धरला म्हणून जादा श्रेय मिळत नाही, त्यामुळे तिची झेप आज आड येणार नाही. डर्बी स्टेक २ वर्षांच्या आतल्या कुत्र्यांसाठी. तिथे पॉइंट हवाच, पण पक्षी उडाल्यावर मागे धावली तरी चालतं. गन डॉग आणि ऑल-एज या तयार कुत्र्यांच्या स्टेकमध्ये मात्र पक्षी उडेपर्यंत आणि गोळी झाडल्यावरही जागचं हलायचं नसतं. तिथे जायची घाई नको.

पहिली ट्रायल कुत्रीशिवाय बघा. कुत्री जोडीने सोडतात, तिला ब्रेस म्हणतात. प्रेक्षकांनी परीक्षकांच्या मागे राहायचं आणि कुत्रं पॉइंटवर दिसलं तरी ओरडायचं नाही. एकाच हँडलरकडे लक्ष ठेवा: तो शिट्टी किती कमी वाजवतो, कुत्र्याला वाऱ्याच्या कोणत्या बाजूने झुडपांकडे वळवतो. अर्ध्या दिवसात खूप कळतं.

तित्तिर:
झेपेचं कारण बहुतेक वेळा पक्षी असतो. पिंजऱ्यात वाढलेला लावा नीट उडत नाही. कुत्री धावते, तो तोंडात सापडतो, आणि झेप घेतली की फळ मिळतं हे ती शिकते. असे पक्षी आजच बंद करा. दमदार उडणारी कबुतरं आणि रिमोटवर उघडणारा लाँचर (पक्षी हवेत उडवणारी पेटी) वापरा. लाँचरच्या खटक्याची सवय आधी पक्ष्याशिवाय, लांबून करून द्या, नाहीतर ती पक्ष्यालाच बिचकायला लागेल.

पद्धत अशी: ८-९ मीटरची चेक कॉर्ड (कुत्रीला बांधायची लांब दोरी), गुळगुळीत, गवतात न अडकणारी. हातात मोजे हवेतच, दोरी सरकली की तळहात सोलतो. वारा लाँचरकडून तिच्याकडे येईल अशा बाजूने तिला १५-२० मीटरवरून आडवी न्या. वास लागून ती थबकली की तुम्हीही थांबा, तोंडातून अक्षर नको. तिने एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी कबूतर उडवा. पाऊल टाकलं की पक्षी जातो, हे तिला पक्ष्याकडूनच कळायला हवं. ‘व्होआ’ (थांब) ही आज्ञा अंगणात, पक्ष्यांपासून दूर शिकवा. पक्ष्याजवळ रागावून व्होआ म्हटलं की पॉइंट ढिला पडतो, शेपटी खाली येते, आणि ते दुरुस्त करायला महिने जातात.

पाणकोंबडा:
बंदुकीच्या आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बिघडलेलं कुत्रं सहसा पुरतं सुधारत नाही. आधी ती पक्ष्यांमागे वेडी झालेली हवी. मग मदतनीसाला .२२ चं ब्लँक पिस्तूल (गोळी न सुटता नुसता आवाज करणारं) देऊन ८०-१०० मीटरवर उभं करा. पक्षी उडाला, कुत्री जीव तोडून मागे धावतेय, तेव्हा एकच बार. तिने ढुंकूनही पाहिलं नाही तर ठीक. दर खेपेला थोडंच अंतर कमी करा. वळून तुमच्याकडे आली, कान पाडले, तर त्या दिवशी बंद. पुढचे काही दिवस फक्त पक्षी, बार नाही. ‘सवय होईल’ म्हणून नेमबाजीच्या मैदानावर कदापि नेऊ नका.

इलेक्ट्रॉनिक ट्रेनिंग कॉलर स्पर्धेत चालत नाही, तेव्हा हाकेला येणं त्याशिवाय पक्कं हवं.

रानझुडूप:
खूप आभार दोघांचे. जोडीदार कुत्रं पॉइंटवर असताना ही मध्ये घुसली तर? आणि ट्रायलआधी सरावाला ज्युनियर हंटर चाचणी (ए.के.सी.ची सुरुवातीच्या पातळीची शिकार-चाचणी) द्यावी का?

तित्तिर:
द्या. तिथे स्पर्धा नसते, ठरलेले निकष पार करायचे. शिकार, पक्षी शोधणं, पॉइंट आणि शिकवणुकीला प्रतिसाद, अशा चार गोष्टींना १० पैकी गुण. सरासरी ७ हवी आणि एकातही ५ पेक्षा कमी नको. किताबासाठी चार वेळा उत्तीर्ण व्हावं लागतं. पॉइंट मात्र लागतोच, त्यामुळे लाँचरचं काम थोडं झाल्यावर जा.

मध्ये घुसण्याबद्दल: गन डॉगमध्ये जोडीदाराचा पॉइंट दिसला की थांबून मान द्यावा लागतो, नाही दिला तर बक्षीस गेलं. पपीत तशी अपेक्षा नसते, पण दुसऱ्याच्या कुत्र्याचं काम बिघडू देऊ नका. दुरून पॉइंट दिसला की आरडाओरडा न करता झपझप जाऊन तिचा पट्टा धरा, पक्ष्याचा निकाल लागेपर्यंत बाजूला उभे राहा, आणि परीक्षकांनी सांगितलं की पुढच्या रानाकडे तोंड करून सोडा.