तिकिटं टी-ट्वेंटीची काढायची की टेस्टची?

सर्वांना नमस्कार,
क्रिकेट दौऱ्याची तिकिटं मंडळातर्फे एकत्र काढायचीयेत, रविवारपर्यंत आकडा कळवा. माझं म्हणाल तर टी-ट्वेंटीच बरी, तीन-चार तासांत मोकळे, टेस्टला पाच दिवस सुट्टी कोण टाकणार? आप्पा गावाकडेयत, त्यांचंही कळू द्या.

—

ताई, रामराम.
टी-ट्वेंटीची काढा की, पण टेस्ट सोडू नका हो. २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. कोरोनामुळे मी इकडे यावलजवळ गावीच अडकलो होतो. वनडे २-१ नी हरलो, टी-ट्वेंटी २-१ नी जिंकलो, आणि मग पहिल्या टेस्टला ॲडलेडला ३६ वर ऑल आऊट. त्या शनिवारी भरताची वांगी भाजायला काड्या पेटवल्या होत्या, कोणी जेवायला बसेना. कोहलीही बाळंतपणासाठी घरी निघाला. पण रहाणेनी मेलबर्नला ११२ काढले, सिडनीला विहारी आणि अश्विन जखमी असून शेवटपर्यंत उभे राहिले, मॅच ड्रॉ.

चौथ्या टेस्टला, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, तर बुमराह, जडेजा, अश्विन कोणीच नाही. ऑस्ट्रेलिया तिथे १९८८ नंतर टेस्ट हरलेली नव्हती. मग खेळलं कोण? वॉशिंग्टन सुंदर मुळात टी-ट्वेंटीपुरता निवडलेला, नटराजन नुसता सरावाला बॉल टाकायला, नेट बॉलर म्हणून गेलेला आणि एकाच दौऱ्यात वनडे, टी-ट्वेंटी, टेस्ट तिन्हीत पदार्पण. ही पोरं टी-ट्वेंटी झाल्यावर तिथेच थांबवून घेतली होती म्हणून हाताशी होती ना! पहिल्या डावात १८६ ला ६ गेले तेव्हा सुंदर आणि शार्दुलनी १२३ जोडले. सिराजचे वडील दौऱ्यातल्या मॅच सुरू व्हायच्या आधी वारले, तो घरी परत आला नाही, गॅबाला दुसऱ्या डावात ५ विकेट घेतल्या.

१९ जानेवारीला शेतीची लाईट रात्रीची होती, मी केळीत ठिबकचे व्हॉल्व बदलत होतो, उजाडायच्या आत मोबाईल मोटरच्या पेटीवर टेकवून ठेवला. पुजारा खांद्यावर, हेल्मेटवर, बोटावर बॉल खातोय, एकदा बोट धरून खालीच बसला, परत उठला, २११ बॉलमधे ५६. माझा व्हॉल्व तसाच चालू राहिला, दोन सऱ्या तुडुंब. ३२८ पाहिजे होते, पंतनी ८९ नाबाद राहून चौकार मारला तेव्हा शेजारच्या मळ्यातून कोणीतरी जोरात ओरडलं, म्हणजे तेही बघत होते.

आता दौरे तुकड्या-तुकड्यांत करतात, टी-ट्वेंटीवाले वेगळे जाऊन येतात, टेस्टवाले वेगळे. मला ते पटत नाही, दोन-अडीच महिने सोबत राहिलेली पोरंच अशी एकमेकांसाठी उभी राहतात.
माझी दोन तिकिटं टेस्टची लिहा, चौथ्या आणि पाचव्या दिवसाची.

—

आप्पा, लिहिली. आमच्या घरचीही चार तिकिटं पाचव्या दिवसाची घेतेय, यांना सुट्टी टाकायला सांगितलं. टी-ट्वेंटीची बाकीच्यांकडून आकडा आला की बघू. येताना ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ तेवढं आणा.