रिवाइंड करूनच परत द्यायची

कॅसेटी भाड्यानं देणाऱ्या व्हिडिओ लायब्ररीत फक्त नवे हिंदी पिक्चर मिळायचे, असं कुणी कुणी म्हणतं. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तसं नव्हतं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी जिथं स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात जुन्या मराठी चित्रपटांनाही गिऱ्हाईक होतं आणि दुकानदारकाका तो कप्पा जिवापाड जपायचे.

तिथली व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ टेपची, कॅसेट अजून डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं नाव, एक खोडून त्यावर दुसरं. ई-१८० म्हणजे तीन तासांची. पिक्चर त्याहून मोठा असला की दोन कॅसेटी, नाहीतर गाणी कापलेली. परत घेताना काका पुढचं झाकण उचलून टेप बघायचे, चुरगळलीय का, बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरायचीच. तशी कॅसेट लावली की व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

शनिवारी व्हीसीआर भाड्यानं आणला की सगळी गल्ली आमच्या सोप्यात! (आजी सगळ्यांना चहा करायची.)

आता मोबाईलवर हवं ते मिळतं. पण ‘हा ने, तुझ्या आईला आवडेल’ असं सांगणारे काका नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.