मधलं अंगण सामायिक ठेवून घरं बांधायची आहेत, नियम कोणाला माहीत?

नाशिक जिल्ह्यात आम्ही सात कुटुंबांनी मिळून एक एकर जागा घेतोय. जागा रहिवासी विभागात आहे, सातबारा एकच. प्रत्येकाने पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा पाडून त्याला कंपाउंड घालायचं, हे आम्हाला नकोय. घरं कडेने जवळजवळ बांधायची आणि मधे मोठं अंगण सगळ्यांचं, असा विचार आहे.

२०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४००० चौ. मी. किंवा जास्त क्षेत्र असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर म्हणजे ४०४७ चौ. मी., म्हणजे आम्ही जेमतेम त्यात बसतो! पण आम्हाला १० नाही, ४० टक्के तरी मोकळी हवी आहे. अडचण वेगळीच आहे. एक आर्किटेक्ट म्हणतात, रो हाउस (भिंतीला भिंत लागून घरांची रांग) दाखवा, बाजूची सामासिक अंतरं, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात सोडायची जागा, वाचतील. दुसरे म्हणतात, प्लॉट पाडूच नका, ग्रुप हाउसिंग म्हणून एकच नकाशा मंजूर करून घ्या. मला दुसरं पटतंय, पण मग बँक प्रत्येकाला वेगळं गृहकर्ज देते का?

आणि खरी भीती पुढची. उद्या कोणी आपल्या दारासमोरचा भाग पत्रे टाकून अडवला तर? सोसायटी करावी की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र (घर ज्याचं त्याचं, बाकी जागा सामायिक अशी नोंद)? अंगणातला अविभक्त, म्हणजे वाटून वेगळा न काढलेला, हिस्सा कशात जास्त पक्का राहतो?

असं कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा. मंजूर नकाशा बघायला मिळाला तर फारच उत्तम.