आधी पुरतं वाचा, मग खोडा
या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की तिथल्या तिथे खोडावी. खोडा हो, पण समोरचा नेमकं काय म्हणतोय ते आधी पुरतं वाचा. आमच्या बडोद्यात सक्तीचं शिक्षण कधी सुरू झालं, यावरून दोघे असेच हमरीतुमरीवर आले. एक म्हणे १८९३, दुसरा म्हणे १९०६. शेवटी तिसऱ्याने शांतपणे लिहिलं: महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. म्हणजे दोघंही बरोबर! तोवर एकमेकांची अक्कल काढून झाली होती. आणि ज्या वाक्याला उत्तर देताय ते वर उतरवून घ्या. नुसतं ‘साफ चूक’ लिहिलं की कुणाला उद्देशून आहे तेच कळत नाही, भलताच माणूस अंगावर ओढून घेतो.