सकाळी उठल्यावर टाच टेकवतच नाही

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, थोडं चाललं की सैल होतं पण बसून उठलं की परत तेच. इंजेक्शन घ्यावं लागेल का?

— प्लांटर फॅसायटिस (टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं) वाटतंय, मला होतं. अंथरुणातच पायाची बोटं हाताने वर ओढून १० सेकंद धरा, असं १० वेळा, पोटरी पण ताणा, आणि घरातसुद्धा अनवाणी फिरू नका प्लीज.

— इंजेक्शनची घाई नको. बहुतेकांचं व्यायाम आणि चांगल्या इन्सोलनेच (बुटाच्या आत घालायचा आधार देणारा तळ) जातं, फक्त महिने लागतात. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका, न दुखणाऱ्या टाचेतही ते असतं.

— डायबेटिस असेल किंवा पाय बधीर वाटत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.